तांब्याच्या तारेतला दाब

फॉर्मवर दोन चौकोन होते. एकापुढे लिहिलं होतं, तोंडी परीक्षा केंद्रावर येऊन देणार. दुसऱ्यापुढे, घरून इंटरनेटवर देणार. काकूंचं पेन पहिल्या चौकोनावर टेकलं होतं, तेवढ्यात काकांनी ते हातातून काढून घेतलं आणि दुसऱ्या चौकोनात बरोबरची अशी ठसठशीत खूण केली, की ती खालच्या तीन कागदांवर उमटली.

"अहो, पण इंटरनेट कुठाय आपल्याकडे?"

"येईल. लाइनचं मी बघतो. तू नद्या, पर्वत काय ते बघ."

चौतीस वर्षं पाणीपुरवठा खात्यात काढल्यामुळे वाहणारी कुठलीही वस्तू आपल्याला कळते, असा काकांचा ठाम समज होता. गल्लीत त्यांना पाणीवाले काका म्हणत. ही पदवी गल्लीने कौतुकाने दिली की वैतागून, याचा शोध त्यांनी कधी घेतला नाही, आणि ते बरंच झालं.

फॉर्म पोस्टात पडल्यावर त्यांनी घरी राहिलेल्या प्रतीची मागची बाजू वाचली. माणसं मागची बाजू नेहमी नंतरच वाचतात. परीक्षा चालू असताना संपर्क पाच मिनिटांहून जास्त तुटला तर उमेदवार अनुपस्थित धरला जाईल. खोलीत दुसऱ्या कुणाचा आवाज आला तर परीक्षा रद्द. काकूंचं वय बासष्ट. दोन्ही मुली मार्गी लागल्यावर त्यांनी घरबसल्या पदवीला नाव घातलं होतं. पदवी आठ वर्षांत पुरी करायची होती, आणि हे आठवं वर्ष होतं. सगळे पेपर सुटले होते, भूगोलाची तोंडी तेवढी राहिली होती. ती हुकली की मागचं सगळं रद्द आणि पुन्हा पहिलं वर्ष. काकांनी तो कागद घडी करून कपाटात साड्यांच्या खाली ठेवला. तो काकूंना आधीपासून पाठ होता, हे त्यांना माहीत नव्हतं.

मोबाइलवर विसंबण्यात अर्थ नव्हता. गल्ली खोलगट भागात. मोबाइल लागायचा तो जिन्याच्या सातव्या पायरीवर, भिंतीला डावा खांदा टेकवला तर, आणि तोही मिनिटभरच. तेव्हा घरात होता त्याच जुन्या टेलिफोनच्या तारेवर इंटरनेट घ्यायचं ठरलं.

लाइनमन आला. उंच, किडकिडीत, खांद्याला पिशवी. त्याने घरातल्या बोळात, फोनशेजारी एक काळी पेटी ठेवली, भिंतीतून येणाऱ्या तारेला आगपेटीएवढी एक डबी जोडली आणि म्हणाला, "झालं."

"तार नवीन टाकणार ना?"

"नाही. हीच. तांब्याच्या दोन तारा आहेत, यांच्यावरूनच बोलणं जाणार, यांच्यावरूनच इंटरनेट."

"एकाच पाइपातून दोन पाणी?"

"तसं समजा. माणसाचा आवाज खालच्या पट्टीतला. इंटरनेट पार वरच्या पट्टीत, आपल्या कानाला कळतसुद्धा नाही. दोघं एकत्र येतात, ही डबी त्यांना वेगळं करते. तुम्ही खुशाल फोनवर बोला, इंटरनेटला पत्ता लागत नाही. हा तिसरा दिवा बघायचा. स्थिर म्हणजे एक्स्चेंजशी जुळलं. लुकलुकला म्हणजे शोधतोय."

दोन दिवस दिवा समईसारखा स्थिर होता. तिसऱ्या दिवशी लुकलुकायला लागला, तो थांबेचना.

आपल्या घरात काही बिघडलं की शेजाऱ्यांच्या अंगात अभियंता संचारतो. वरच्या मजल्यावरचे निवृत्त हेडक्लार्क म्हणाले, "पेटी उंचावर ठेवा. सगळं वरून खाली येतं." समोरच्या शिंपीणबाई म्हणाल्या, "तारेची गुंडाळी सोडा काका, त्यात अडकून बसत असेल." कोपऱ्यावरच्या दाताच्या डॉक्टरांनी पेटीला हात लावून पाहिला आणि तिला वारा घालायला सांगितलं. काका प्रत्येकाला म्हणाले, "ह्या, असं कुठं असतं," आणि तो माणूस वळताच त्याने सांगितलं तसं करून बघितलं. त्यामुळे आठवड्याच्या शेवटी पेटी कपाटाच्या टपावर, तिच्यावर टेबलफॅन रोखलेला आणि सोडलेली तार बोळात आडवी, अशी परिस्थिती आली. त्या तारेत पाय अडकून काका स्वतः पडले. पडल्यापडल्या त्यांनी वर पाहिलं. दिवा लुकलुकत होता.

मग त्यांनी तक्रार केली. तक्रारीच्या नंबरावर आधी एक धून लागते. ती चाळीस मिनिटं ऐकल्यावर एक मुलगी आली.

"दिवा कसा आहे सर आत्ता?"

काकांनी मान वर केली. "आत्ता... स्थिर आहे."

"मग चालू आहे सर. तक्रार बंद करते."

"अहो पण सकाळपासून—"

फोन बंद. काका रिसीव्हर ठेवून चहा घेऊन येतात तो दिवा पुन्हा लुकलुक. दुसऱ्या तक्रारीला तेच, तिसऱ्या तक्रारीला तेच. ऑफिसचा माणूस तारेवर आला की इंटरनेट शहाण्या मुलासारखं हाताची घडी घालून बसायचं. "बदमाश आहे," काका म्हणाले. "वरिष्ठांपुढे सरळ वागतं. आमच्या खात्यात असे दोन होते."

शेवटी त्यांनी खात्याची जुनी पद्धत काढली. पाण्याचा दाब कमी असला की तक्रारी ऐकायच्या नाहीत, नोंदवही ठेवायची. त्यांनी वहीला रेघा मारल्या, दर अर्ध्या तासाला दिव्याची नोंद घेतली, आणि नमुना शुद्ध राहावा म्हणून आठ दिवस फोनला हात लावला नाही. नवव्या दिवशी वही उघडली आणि खुर्चीत टेकून बसले. आठही दिवस दिवा फक्त दुपारी एक ते दोन स्थिर होता. बाकी वेळ लुकलुक.

"सापडलं," ते म्हणाले. "अगं, इंटरनेटचा पुरवठा भागवार आहे. आपल्या भागाला एक ते दोन सोडतात."

"पाण्यासारखं?"

"मग काय? सगळ्या गावाला एकदम सोडलं तर दाब राहील का?"

हेडक्लार्कांना वही दाखवली. त्यांनी चष्मा चढवून बारा पानं बघितली आणि म्हणाले, "मला वाटलंच होतं." हे त्यांना प्रत्येक गोष्टीत वाटलेलंच असतं.

परीक्षा होती सकाळी अकराला. काकांनी टेलिफोन ऑफिसला स्वहस्ते अर्ज लिहिला: आमच्या भागाचा पुरवठा दुपारी एक ते दोन होत असून तो सकाळी अकरा ते बारा करण्यात यावा, दाब पुरेसा असावा, ही विनंती. खिडकीतल्या बाईंनी अर्ज दोनदा वाचला, मग आत जाऊन साहेबांना घेऊन आल्या.

"काका, हा पुरवठा सोडतं कोण, असं म्हणणं आहे तुमचं?" साहेबांनी विचारलं.

"ते तुमचं खातं. आमच्यात व्हॉल्व्हमन असायचा."

साहेबांच्या मागे आणखी तीन माणसं येऊन उभी राहिली. एकाच्या हातात डबा होता, तो त्याने जेवणं थांबवून आणला होता. कुणी हसलं नाही, आणि काकांना तेच जास्त लागलं. पण अर्ज म्हणजे अर्ज. त्यावर शिक्का बसला, आवक नंबर पडला आणि काका पोच घेऊन ताठ मानेने बाहेर पडले.

पुढे त्या अर्जाचं काय करायचं, हे ऑफिसला कळेना. त्यात पुरवठा होता, भाग होता, दाब होता. कुणीतरी विचार करून तो योग्य त्या खात्याकडे पाठवला. योग्य खातं म्हणजे पाणीपुरवठा. तिथे काकांच्या हाताखाली तयार झालेला माणूस आता खुर्चीवर होता. त्याने खालची सही ओळखली. आपल्या जुन्या साहेबांचा अर्ज, म्हणून त्याने आठ दिवसांचं काम एका दिवसात केलं.

सोमवारी सकाळी सहाला गल्लीत पाणी आलं नाही. आलं ते अकराला, सगळी माणसं कामावर गेल्यावर, आणि दाब असा की शिंपीणबाईंच्या उघड्या राहिलेल्या नळाने बादलीसुद्धा उडवली. दुपारपर्यंत गल्लीला कळलं की बदल एका रहिवाशाच्या लेखी विनंतीवरून झाला आहे. संध्याकाळी हेडक्लार्क कोरडी बादली घेऊन दारात आले.

"तुम्हाला इंटरनेट पाहिजे होतं ना?"

"हो."

"मग आमचं पाणी का तोडलंत?"

काकांनी सुरुवातीपासून समजावून सांगितलं. हेडक्लार्कांनी सगळं ऐकलं आणि न बोलता जिना चढून गेले. "मला वाटलंच होतं" असंही म्हणाले नाहीत, यावरून प्रकरण किती चिघळलं होतं ते समजावं. पाण्याची वेळ पूर्ववत करायला काकांनी दुसरा अर्ज दिला. तो नियमाप्रमाणे आठ दिवस घेणार होता.

आणि मंगळवारी, एक ते दोन, दिवा लुकलुकला. काका वही घेऊन समोर बसले होते. परीक्षेला सहा दिवस. तीन वाजले, चार वाजले. पाच वाजता दिवा एकदम स्थिर झाला.

बोळात काकू फोनवर बोलत उभ्या होत्या. पलीकडे त्यांची मोठी बहीण होती. ताईंचा फोन रोज एकला यायचा आणि दोनपर्यंत चालायचा. त्या वेळात काका नोंद करून ताबडतोब बाहेरच्या खोलीत निघून जायचे, कारण ताईंचं आणि त्यांचं चार वर्षं बोलणं नव्हतं. कारण होतं एका नळाचं. आज ताई दाढ काढायला गेल्या होत्या, म्हणून फोन पाचला आला होता. एक दाढ कमी झाली तरी बोलण्यात फरक नव्हता.

काकांनी दिव्याकडे पाहिलं, काकूंकडे पाहिलं. "ठेव बघू फोन," ते म्हणाले.

काकूंनी ठेवला. दोन मिनिटं दिवा तग धरून राहिला, मग लुकलुकायला लागला. काकांनी रिसीव्हर उचलला. स्थिर. ठेवला. थोड्या वेळाने लुकलुक.

"म्हणजे," काकू म्हणाल्या, "ताई बोलते म्हणून आपलं इंटरनेट चालतं?"

आठ दिवसांच्या नोंदींचा इतका अपमानकारक सारांश दुसरा झाला नसता.

लाइनमनला बोलावलं. त्याने मात्र लगेच मान डोलावली. "जॉइंट कुजलाय कुठेतरी. तांब्याच्या सांध्यावर पापुद्रा धरतो. बोलायला रिसीव्हर उचलला की तारेतून वीज वाहते, ती पापुद्रा फोडते, सांधा जुळतो. फोन ठेवला की पुन्हा धरतो. आम्ही तपासायला फोन करतो, आणि फोन केला की बरं होतं. म्हणून आम्हाला काही सापडत नाही."

"मग तो सांधा काढ ना बाबा."

लाइनमन त्यांना कोपऱ्यावर घेऊन गेला. सांधा होता रस्त्याखालच्या खड्ड्यात, खड्ड्यावर झाकण, आणि झाकणावर मागच्या महिन्यात झालेलं नवंकोरं डांबर. खोदायची परवानगी रस्ते खात्याची, एकवीस दिवस. "आणि खड्ड्यात पाणी भरतं, म्हणून कुजतं," लाइनमन म्हणाला.

"पाणी कुठून येतं?"

लाइनमनने पायाकडे पाहिलं. "शेजारून तुमचा पाइप गेलाय ना काका."

काकांनी घरची वाट धरली.

आता प्रश्न असा, की परीक्षेचा पाऊण तास फोन चालू ठेवायचा कसा. नुसता रिसीव्हर उचलून ठेवून पाहिला. दीड मिनिटाने एक्स्चेंजला वाटलं, हा विसरला, आणि त्याने वीज काढून घेतली. वेळ सांगणारा नंबर फिरवला. ती बाई तीन मिनिटं वेळ सांगून निघून जाई. गल्लीतल्या कुणाला पाऊण तास फोनवर धरावं, तर गल्ली सध्या तोंडही बघत नव्हती.

"ताईला सांगते ना मी," काकू म्हणाल्या.

"काही गरज नाही. मी व्यवस्था केली आहे."

व्यवस्था खरोखर नामी होती. तक्रारीचा नंबर. चाळीस मिनिटांच्या आत तिथे आजवर कुणी उचललं नव्हतं. ती धून लागली की वीज वाहत राहणार, पापुद्रा फुटत राहणार. शेवटी कुणी उचललाच, तर पुन्हा फिरवायचा. त्या खात्याच्या दिरंगाईवर विसंबून काम करणारे काका हे पहिलेच गृहस्थ असतील.

परीक्षेच्या दिवशी पावणेअकराला काकू आतल्या खोलीत संगणकापुढे बसल्या. केस नीट, साडीला इस्त्री. दार लावून घेतलं. काकांनी बोळात स्टूल टाकलं आणि नंबर फिरवला. धून लागली. दिवा स्थिर. अकरा वाजता आतून "नमस्कार सर, नमस्कार मॅडम" ऐकू आलं. काकांनी भिंतीला पाठ टेकली.

अकरा वाजून चार मिनिटांनी धून थांबली.

"नमस्कार सर, बोला."

काका स्टुलावरून उठले. "तुम्ही... इतक्या लवकर?" ते कुजबुजले.

"आजपासून आम्ही बारा जणी आहोत सर. दिवा कसा आहे?"

"थांबा. मला विचार करू द्या."

"सर, दिवा कसा आहे?"

खोटं बोलायची सवय नव्हती. "स्थिर," ते म्हणाले, आणि तक्रार बंद झाली. पुन्हा फिरवला. पहिल्या घंटीला उचलला. पुन्हा बंद. तिसऱ्यांदा एक वेगळी मुलगी म्हणाली, "सर, या नंबरवरून तासाभरात तीनच तक्रारी घेता येतात. तुमचा दिवस चांगला जावो." चौथ्यांदा नंबर लागेचना.

दिवा लुकलुकला. आतून काकूंचा आवाज आला, "म्हणून नदीच्या मुखाशी गाळ साचून... सर? सर, ऐकू येतंय का?" मग काहीच नाही.

पाच मिनिटं. आठ वर्षं आणि पाच मिनिटं. काकांनी भिंतीवर काकूंनी पेन्सिलीने लिहिलेला नंबर बघितला आणि फिरवला.

"बोल गं," ताई म्हणाल्या. "आज लवकर?"

"मी बोलतोय."

ताईंनी आवाज ओळखला. "तिची तब्येत बरी आहे ना?"

"बरी आहे."

"मग फोन कशाला केलात?"

दिवा स्थिर झाला. काकांनी दाराकडे बघत, ओठ रिसीव्हरला चिकटवून सांगितलं, "ताई, तुम्ही बोला. पाऊण तास. फोन ठेवू नका. तारेचा सांधा कुजलाय, तुम्ही बोललात की जुळतो."

"हळू काय बोलताय? माझ्या बोलण्याने तार जुळते? चार वर्षं तोंड फिरवून बसलात भाऊजी, आणि आज माझी टिंगल करायला फोन केलात. ठेवते मी."

आत काकू बोलायला लागल्या होत्या. त्रिभुज प्रदेश, गाळाचे थर. आवाज स्थिरावला होता. काकांनी डोळे मिटले.

"ताई," ते म्हणाले, "तुमच्या गच्चीवरच्या नळाचा वॉशर माझ्या खिशात राहिला होता."

ताईंनी फोन ठेवला नाही.

"काय म्हणालात?"

"वॉशर. मी तो बसवलाच नाही. घरी आल्यावर खिशात सापडला."

मग ताईंनी सुरुवात केली. आधी गळलेलं छत, मग छताखाली भिजलेल्या गाद्या, मग गाद्यांखालचं लाकडी कपाट, आणि त्यातली नातवाची सगळी पुस्तकं, एकेक. खालच्या मजल्यावरच्या म्हातारीची ओली उशी आली. "चौतीस वर्षं पाण्यात काढलेला माणूस" हे नऊ वेळा आलं. काकांना उत्तर देता येत नव्हतं, कारण आवाज आत गेला असता. ते फक्त "हं" म्हणत होते, आणि ते ऐकून ताईंना आणखी जोर येत होता, कारण आजवर या माणसाने त्यांचं वाक्य पुरं होऊ दिलं नव्हतं.

अठराव्या मिनिटाला ताई दमल्या. "जाऊ द्या. झालं गेलं. ठेवू का?"

काकांनी घड्याळ पाहिलं. "आणि तो वॉशर मी गुपचूप फेकून दिला," ते म्हणाले.

हा इंधनाचा डबा बारा मिनिटं पुरला. तो संपत आला तेव्हा काकांनी सांगितलं, की तुमच्या टाकीचा दाबच जास्त आहे असं गावभर मीच पसरवलं. त्यावर ताई अशा पेटल्या, की काकांनी रिसीव्हर कानापासून वीतभर दूर धरला तरी शब्दन् शब्द कळत होता. दारातून आवाज आत जाईल म्हणून त्यांनी तो पोटाशी धरला, वर उशी दाबली, आणि मान वर करून दिव्याकडे बघत राहिले. दिवा इतका स्थिर कधीच नव्हता.

पावणेबाराला दार उघडलं. काकू बाहेर आल्या, चेहरा लाल, हातात रुमाल. काकांनी उशी काढली आणि भुवया उंचावून विचारलं. काकूंनी आधी त्यांच्या हातातला रिसीव्हर घेतला.

"ताई? झाली परीक्षा. मधे दोन मिनिटं गेलं होतं, मग सगळं नीट. शेवटी मॅडम म्हणाल्या, अभिनंदन, पदवीचा कागद येईल घरी." त्या हसल्या, मग रुमाल डोळ्यांना लावला, मग ऐकत राहिल्या. "हो. आहेत ना. इथंच आहेत."

त्यांनी रिसीव्हर काकांपुढे धरला.

"तुम्हाला द्या म्हणतेय. तिचं टाकीपर्यंतच आलंय."

काकांनी पेटीकडे पाहिलं. इंटरनेटची आता या घरात कुणालाही, कशासाठीही गरज नव्हती. त्यांनी हात उंच करून तिची पिन काढली, स्टूल भिंतीला नीट टेकवलं आणि रिसीव्हर कानाला लावला.

"हं," ते म्हणाले. "बोला, ताई."